झपाटलेला
१९९३ साली प्रदर्शित झालेला मराठी विनोदी भयपट. दिग्दर्शक महेश कोठारे (पहा : कोठारे, महेश).

मध्यवर्ती कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली आहे. कुख्यात गुन्हेगार तात्या विंचू (दिलीप प्रभावळकर) मांत्रिक बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसांच्या गोळीने मरताना त्याच्या बळावर बाहुल्यात शिरतो. तो बाहुला शब्दभ्रमकार लक्ष्याकडे (लक्ष्मीकांत बेर्डे) येतो. मानवी देह परत मिळवण्यासाठी तात्याला लक्ष्याच्याच शरीरात शिरणे भाग असते.

बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला (पहा : शब्दभ्रम). त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांच्या ‘अर्धवटराव’मुळे बोलका बाहुला मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा होता, घरोघरी लाडक्या असलेल्या या खेळण्याला खुनी रूप देण्यातच चित्रपटातील भयाचे मूळ आहे. भडक अभिनय, ग्रामीण विनोद आणि पोलिसी पाठलाग यांची सरमिसळ ही शैली कोठाऱ्यांच्या इतर चित्रपटांतही आढळते.

बाहुला जिवंत असल्याचे लक्ष्या सांगतो, तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. साध्या माणसाच्या शब्दाला नसलेली किंमत हा कथेतील सामाजिक धागा होय. मंत्रसामर्थ्य मात्र कथेत खरे मानले आहे. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन चळवळ त्याच काळात राज्यात वाढत होती, हा संदर्भ आज चित्रपट पाहताना महत्त्वाचा ठरतो (पहा : जादूटोणाविरोधी कायदा).

‘झपाटलेला २’ हा त्रिमितीय उत्तरभाग २०१३ मध्ये प्रदर्शित झाला.