मिठाखाली कोंडलेलं ऊन

आमच्या घरी पिण्याचं पाणी गाळून, उकळून घ्यायची रीत. सासूबाई चुलीवर उकळायच्या, मी गॅसवर. त्यामुळे पाणी तापवायला काय काय जाळावं लागतं, याचा हिशेब मला कुणी शिकवावा लागत नाही. म्हणूनच नुसत्या उन्हानं तापणाऱ्या तळ्याबद्दल वाचलं, तेव्हा डोक्यातून जाईना.

गोष्ट ट्रान्सिल्व्हानियातली. तेव्हा तो मुलूख हंगेरीत होता, आता रुमानियात आहे. तिथे सोवाता गावाजवळ 1875 साली मिठाच्या डोंगराशी एक तळं तयार झालं. वरचं पाणी साधारण, पण हातभर-दीड हात खाली गेलं की चटका. खाली गरम झरा असेल, असंच कुणालाही वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालेचिन्स्की नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं मोजलं, तर उन्हाळ्याच्या शेवटी 1.32 मीटर खोलीवर 70 अंश! झरा नव्हताच. ताप होता तो उन्हाचा.

आपल्या वैनगंगेचं पाणी असं का तापत नाही? प्रकाशाला मिठाचं वावडं नसतं. गोडं असो की खारं, पाणी नितळ असलं की तो जवळपास सारखाच आत शिरतो. उन्हातला डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा भाग वरच्या थोड्याशा पाण्यातच जिरतो. दिसणारा उजेड मात्र खोल जातो आणि तळाला तापवतो. गोड्या तळ्यात तळचं पाणी तापलं की हलकं होऊन वर येतं, ऊब हवेत उडून जाते. सोवातात तळाशी दाट खारं पाणी आणि वर ओढ्यांचं गोडं. खालचं कितीही तापलं तरी मिठाच्या भारानं वर येऊ शकत नाही. आणि न हलणारं पाणी उष्णता फार सावकाश पुढे देतं. गोधडीच म्हणा की, पाण्याचीच!

पुढे इस्रायलनं मृत समुद्राकाठी असे तलाव बांधून वीजसुद्धा काढली. बेत हा-अरावाचं 5 मेगावॅटचं केंद्र 1984 ला सुरू झालं, 1988 ला थांबलं. मला मात्र जवळचं वाटतं ते आपलं भुज. कच्छमध्ये मीठही मुबलक आणि ऊनही. तिथल्या डेअरीजवळ 6000 चौरस मीटरचा तलाव 1987 ला मंजूर झाला. मे 1991 मध्ये, उष्णता काढून न घेता तसाच ठेवला, तेव्हा पारा 99.8 अंशांवर गेला. म्हणजे उकळायला इवलंसं कमी! सप्टेंबर 1993 पासून डेअरीला त्याचं गरम पाणी मिळू लागलं, दिवसाला 80,000 लिटर. त्या पाण्यासाठी काही जाळलं नाही, हे वाचून मी उगीचच उठून गॅस बारीक केला.

पण असा तलाव एकदा भरला आणि विसरलो, असं चालत नाही. मीठ हळूहळू वर चढतंच, म्हणून तळाला मीठ घालत राहायचं आणि वर ताजं गोडं पाणी सोडत राहायचं. धूळ, पाचोळा, शेवाळ यांनी पाणी गढूळ झालं की उजेड तळापर्यंत पोचतच नाही. शिवाय तळातून गळती लागली तर तापलेलं पाणी आणि मीठ दोन्ही जमिनीत. हे सगळं रोजचं काम, घरकामासारखं. नीट झालं तर कुणाला दिसतही नाही.

मी काचेच्या बरणीत करून पाहिलं. खाली दाट मिठाचं पाणी ओतलं, वर चमच्याच्या पाठीवरून धार धरून गोडं सोडलं. मधे थरथरती रेघ दिसत होती. नातवानं विचारलं, "आजी, ही पुसत कशी नाही?" आठवड्याभरात ती पुसट झाली. बरणी मी अजून ओट्यावरून हलवली नाही.