तीन मिनिटांची मुलाखत आणि आनंदीबाईंचे सहा प्रश्न

भिलाईसारख्या शहरात बारावीनंतर वैद्यकाकडे वळणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला मुलाखत येतच नाही. नीट परीक्षा, गुणानुक्रम, समुपदेशनाच्या फेऱ्या आणि प्रवेश असा तो मार्ग आहे. त्यामुळे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाकडून, म्हणजेच एएफएमसीकडून मुलाखतीचे बोलावणे आले की घरात आनंदाइतकाच गोंधळही उडतो. कोणाला वाटते, प्रवेश आता पक्का झाला. कोणी म्हणते, मुलाखत हा नुसता उपचार असतो. आणि निवड झाली नाही तर सतरा-अठरा वर्षांचे मूल असा अर्थ काढते की, डॉक्टर होण्याची आपली लायकीच नाही. या तिन्ही समजुती का टिकत नाहीत, हे समजण्यासाठी मुलाखत नावाच्या मोजमापाचा इतिहास पाहावा लागतो.

मराठी माणसांपुरती या इतिहासाची सुरुवात बंगालमध्ये होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाई जोशी इंग्रजीतून भाषण करण्यास उभ्या राहिल्या. वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर अवकाश होता. वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला जाण्याचा त्यांचा निश्चय जाहीर झाला होता आणि लोक त्यांना जे प्रश्न विचारत होते, त्यांतले सहा निवडून त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का जायचे? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीने का जायचे? परत आल्यावर जात बहिष्कार घालणार नाही काय? संकट आले तर काय करणार? आणि आजवर कोणत्याही स्त्रीने जे केले नाही, ते तुम्हीच का करावे?

त्या सभागृहात परीक्षक मंडळ नव्हते, गुणही नव्हते. तरीही वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीत जे जे विचारले जाते, ते सारे या सहा प्रश्नांत आले आहे: हेतू, पर्यायांची माहिती, विरोध सोसण्याची तयारी, अपयशाचा विचार आणि स्वतःविषयीची स्पष्टता. आनंदीबाईंची उत्तरेही नुसत्या भावनेवर उभी नव्हती. मद्रासला स्त्रियांसाठी कोणती सोय आहे, प्रसूतिशास्त्राचे वर्ग कुठे चालतात आणि त्यांत काय उणे आहे, हे त्यांनी नेमके सांगितले.

त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपले पूर्वशिक्षण तुमच्या अटींत कदाचित बसणार नाही, हे त्यांनी पत्रात मोकळेपणाने मान्य केले. पण स्वजनांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धार जमेस धरावा, पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे आहे, असा त्या पत्राचा आशय होता. अधिष्ठाता रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची मदतही दिली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

गुणपत्रिकेत न मावणारे काही माणसात असते आणि जाणता परीक्षक ते ओळखू शकतो, या श्रद्धेचे आनंदीबाईंचा प्रवेश हे उत्तम उदाहरण आहे. पण एका उदाहरणाने पद्धत सिद्ध होत नाही. हीच श्रद्धा स्वतंत्र भारतात हजारो उमेदवारांना लावली गेली, तेव्हा तिची दुसरी बाजू न्यायालयात उघडी पडली.

१९६४ मध्ये म्हैसूर राज्याच्या वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांसंबंधीच्या चित्रलेखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीची पद्धत ग्राह्य धरली. १९७० मध्ये पेरियाकरुप्पन खटल्यात तमिळनाडूच्या वैद्यकीय प्रवेशांचा प्रश्न आला. तिथे मुलाखतीला ७५ गुण होते. खेळ, सामान्य क्षमता, कल अशा वेगवेगळ्या शीर्षांखाली ते द्यायचे, असा नियम होता. प्रत्यक्षात शीर्षवार विभागणी न करता गुण दिले गेले होते. न्यायालयाने या निवडीत दोष दाखवला. पुढे नोव्हेंबर १९८० मध्ये अजय हसिया खटल्याचा निकाल लागला. तो श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा होता, पण त्याचा परिणाम सर्वच प्रवेशांवर झाला. लेखी परीक्षा १०० गुणांची, मुलाखत ५० गुणांची आणि प्रत्येक उमेदवाराला मिळालेला वेळ दोन-तीन मिनिटे! न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या निकालपत्रात, अशा प्रवेशांत मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानीचे ठरेल, असे म्हटले आहे. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करावे, अशी सूचनाही त्यात आहे.

न्यायालयाने जे कायद्याच्या भाषेत सांगितले, ते त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका घटनेतून आकड्यांच्या भाषेत समोर आले. १९७९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयाने सुमारे ८०० उमेदवारांच्या मुलाखती घेऊन १५० जणांची निवड केली. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० विद्यार्थी घ्यायला लावले. तोपर्यंत वरच्या क्रमांकाचे उमेदवार इतरत्र गेले होते. त्यामुळे हे पन्नास जण यादीच्या तळातून घ्यावे लागले. कोणी न ठरवता एक प्रयोग घडून आला. अभ्यासात, रुग्णकक्षातील कामात आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणात या दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. १९८७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलाखतीने घातलेला वरचा आणि खालचा क्रम पुढच्या वर्षांत पुसला गेला होता.

भौतिकशास्त्रात मोजमापावर आयुष्य काढणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. एकच निरीक्षक, एकच वाचन आणि तेही तीन मिनिटांचे, अशा मापनातली त्रुटी मोठी असणारच. त्यावरचा जुना उपाय म्हणजे परस्परांपासून स्वतंत्र अशी अनेक वाचने घेणे. नऊ स्वतंत्र वाचनांची सरासरी काढली तर यादृच्छिक त्रुटी एक तृतीयांश होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली बहु-लघुमुलाखत पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. उमेदवार एकामागून एक दहाएक थांब्यांवर जातो. प्रत्येक ठिकाणी नवा परीक्षक असतो आणि नवा प्रसंग असतो. एका परीक्षकाची नावड दहांमध्ये विरघळते. आज अनेक देशांत ही पद्धत रूढ आहे.

मात्र सरासरीने यादृच्छिक त्रुटी घटते, पद्धतशीर त्रुटी घटत नाही. काटाच शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर दहादा तोलूनही वजन बरोबर येणार नाही. सफाईदार इंग्रजी म्हणजेच समज, असे दहाही परीक्षकांना वाटत असेल, तर दहा थांबे काय कामाचे? मुलाखतीचा हा खरा धोका आहे आणि घरी मराठी, शाळेत हिंदी व रस्त्यावर छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलीला तो सर्वाधिक जाणवतो.

तरीही गुणांपलीकडचे काही पाहावे, ही इच्छा आपल्याकडे मेली नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथल्या प्रवेश परीक्षेत अनेक वर्षे गांधीविचारांवरची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. वेल्लोरचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय उमेदवारांना काही दिवस आपल्या परिसरात ठेवून गटकार्यांतून आणि मुलाखतींतून पारखत असे. नीट सक्तीची झाल्यावर या वादात वेल्लोरने २०१७ मध्ये एमबीबीएसच्या शंभरपैकी केवळ एका जागेवर प्रवेश दिला. अखेर २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नीट सर्वांना लागू असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे पैसा आणि वशिला यांना मोठा पायबंद बसला, हे खरे. पण हेतू पाहण्याची जुनी दारेही त्याबरोबर मिटली.

एक दार अजून किलकिले आहे, ते पुण्याचे. एएफएमसीची स्थापना १ मे १९४८ची. पदवी शिक्षण तिथे ४ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झाले. आज १५० जागांपैकी ११५ मुलांसाठी, ३० मुलींसाठी आणि ५ मित्रराष्ट्रांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. नीटच्या गुणांवरून जागांच्या कितीतरी पट उमेदवार बोलावले जातात. तिथे इंग्रजी आकलन व तर्क यांची चाचणी, ५० गुणांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. म्हणून बोलावण्याचा अर्थ इतकाच की, लेखी गुणांनी तुम्हाला दारापर्यंत आणले आहे. आत जाणे अजून ठरायचे आहे. आणि दारापर्यंत आलेल्यांमधले गुणांचे अंतर थोडे असल्यामुळे ५० गुणांना उपचार म्हणणेही बरोबर नाही.

मग तयारी कशी करावी? आनंदीबाईंची रीत आजही उपयोगी आहे. लोक तुम्हाला खरोखर जे प्रश्न विचारतात, ते सहा प्रश्न लिहून काढा. डॉक्टरच का? सैन्यातच का? पदवीनंतर सेवा बंधनकारक आहे. तिच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचल्या आहेत काय? दुर्गम चौकीवर नेमणूक झाली तर? प्रवेश मिळाला नाही तर? घरच्यांना हे मान्य आहे काय? प्रत्येक उत्तरात स्वतः पाहिलेली किंवा पडताळलेली एक तरी गोष्ट असावी.

अशा गोष्टींसाठी भिलाईहून लांब जायला नको. सिकलसेल हा छत्तीसगडचा घरचा आजार आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. २००२ मध्ये याच राज्यात मितानिन कार्यक्रम सुरू झाला. देशभरातल्या आशा कार्यकर्त्या त्यानंतर आल्या. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरात १९८३ मध्ये खाणकामगारांनी आपल्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारले. सेवा या शब्दावर पाठ केलेला परिच्छेद म्हणण्यापेक्षा यांपैकी एखादी गोष्ट नीट समजून घेऊन सांगणे कितीतरी वजनदार ठरते.

सरावही मोजमापासारखाच करावा. एकाच शिक्षकासमोर दहादा बोलण्यापेक्षा दहा वेगवेगळ्या माणसांसमोर एकेकदा बोला: शेजारच्या परिचारिका, निवृत्त फोरमन, एखादे माजी सैनिक काका, मोठी बहीण. इंग्रजीत लहान, सरळ वाक्ये बोलण्याची सवय करा. उच्चार ऐटबाज नसला तरी चालेल, वाक्य पूर्ण व्हावे. एखाद्या पेचप्रसंगावर मत विचारले तर आधी दोन्ही बाजू मांडा, मग आपला निर्णय आणि त्याचे कारण सांगा. उत्तर ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट म्हणा. रुग्णाच्या खाटेपाशी उद्या हीच सवय लागणार आहे.

आणि पालकांनो, यादीत नाव आले नाही तर ह्यूस्टनचे ते पन्नास विद्यार्थी आठवा. त्या दिवशी काही परीक्षकांनी काही मिनिटांत घेतलेले ते एक वाचन होते, आणि प्रत्येक वाचनाला त्रुटीची मर्यादा असते. नीटच्या गुणांवर रायपूरचे किंवा आणखी कुठले महाविद्यालय मिळेल, तिथेही तेच शरीरशास्त्र शिकवले जाते आणि तेच रुग्ण येतात. मुलाखतीसाठी शोधलेली उत्तरे मात्र वाया जात नाहीत. आपण डॉक्टर का व्हायचे, हे ज्याने एकदा स्वतःशी नीट मांडले, त्याला ते कुठल्याही महाविद्यालयात पाच-साडेपाच वर्षे पुरते.