वऱ्हाडातील दमणी

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अडाण नदीच्या काठी, बोरी अरब हे गाव आहे. आज तेथून जाणाऱ्या प्रवाशास काळ्या जमिनीचे विस्तीर्ण पट्टे, कपाशीची आणि तुरीची शेते व घाईने धावणाऱ्या मोटारी एवढेच दिसते; परंतु या मुलखात वेगाची आवड मोटारींबरोबर आली, असा जर कोणाचा समज असेल तर तो सर्वस्वी चुकीचा आहे. जुने वेगवान वाहन देऊन त्याहून वेगवान असे नवे घेण्याचा जो सोस आज शहरातील स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये दिसतो, तोच सोस, तितक्याच उत्कटतेने आणि माझ्या मते अधिक जाणतेपणाने, वऱ्हाडातील खातेदार आणि इजारदार आपल्या दमणीच्या, म्हणजे प्रवासाच्या हलक्या बैलगाडीच्या, आणि बैलजोडीच्या बाबतीत बाळगीत असत. वऱ्हाडचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कापूस, जमाबंदी आणि इजारे यांविषयी पुष्कळ लिहिले. या वाहनाला मात्र त्यांनी न्याय दिला नाही.

निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, त्या वेळी या भागात चाकाच्या वाहनास योग्य अशी वाटच क्वचित होती. काळी माती पावसाळ्यात चाक गिळून टाकी, आणि म्हणून मालाची ने-आण बंजाऱ्यांच्या तांड्यांतील लदणीच्या बैलांवर होई. पुढे १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत अपूर्व भाव आला, १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला, यवतमाळकडील कापूस धामणगावच्या स्टेशनावर जाऊ लागला, आणि त्या ओझ्यासाठी पक्क्या सडका आल्या. सडकेने बंडीला, म्हणजे मालवाहू बैलगाडीला, रस्ता दिला; आणि बंडीने मिळवून दिलेल्या पैशातून दमणी उभी राहिली.

बंडी ओझ्याची, दमणी माणसांची. बंडीचे अंग जड, चाके भक्कम, चाल बैलांच्या मर्जीची. दमणी मात्र आकाराने आटोपशीर, वजनाने हलकी, वर छत, आत गादी आणि लोड, आणि तिचे सारे प्रयोजन एकच, ते म्हणजे तालुक्याची कचेरी, बाजार, सोयऱ्याचे गाव किंवा लग्नाचा मांडव लवकर गाठणे. ती घडविणाऱ्या वाढयाचे, म्हणजे सुताराचे, कसब असे की, चाकाच्या तुंब्यात आरे बसविताना लाकूड किती तासावे म्हणजे चाक हलके होईल आणि तरी खडकाळ उतारावर फुटणार नाही, याचा निर्णय तो डोळ्याने आणि हाताने घेई. लोहार तापविलेली लोखंडी धाव चाकावर चढवून पाण्याने थंड करी, तेव्हा ती आवळून सगळे सांधे एकजीव होत. जुन्या दमणीहून नवी अधिक हलकी, अधिक मऊ चालीची हवी, हा घरधन्याचा आग्रह वाढयाच्या कसबाला धार लावीत असे, आणि एका पिढीतील दमणीपेक्षा पुढल्या पिढीतील दमणी सरस होत गेली ती या आग्रहामुळेच.

तथापि दमणीचा खरा वेग लाकडात नव्हता, तो बैलांत होता. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ ही पांढरी, सडसडीत, लांब पल्ल्याची चाल असणारी जात वेगाच्या कामासाठी नावाजलेली. तिच्या चपळाईचा उपयोग मराठ्यांच्या फौजांनी सामानाच्या वाहतुकीसाठी केल्याचे सांगतात. अशी जोडी बाजारात निवडताना खूर, खांदा, वशिंड, नजर, पाठीची ठेवण आणि दोन्ही बैलांची जुळणारी पावले पारखली जात. नवी जोडी आली की जुनीचे काय, हा प्रश्न मात्र यंत्राच्या मालकाला पडत नाही, तो येथे पडे. उमदा, प्रामाणिक बैल म्हातारा झाल्यावर विकणे कित्येक घरांत कमीपणाचे मानले जाई; त्याला दमणीतून काढून हलक्या कामाला लावीत, आणि पोळ्याच्या दिवशी झडत्यांच्या गजरात तोरणाखाली त्याचाही मान राखीत. नव्याची हौस आणि जुन्याचे ऋण ही दोन्ही एकाच गोठ्यात नांदत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या कंपनीचा अरुंद लोहमार्ग मुर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत, ११३ किलोमीटर, आला. लोक त्याला पुढे शकुंतला म्हणू लागले. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन तेथे सुमारे सत्तर वर्षे राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. नव्या इंजिनाने गाडीची चाल फारशी सुधारली नाही, कारण रूळ जुनेच राहिले. वाहन बदलून वाट न बदलणे म्हणजे केवळ खर्च, हे त्यावरून स्पष्ट होते. दमणीला मागे सारले ते आगगाडीने नव्हे, तर एस. टी. च्या मोटारीने आणि तिच्यापाठोपाठ आलेल्या मोटारसायकलीने. बंडीला रबरी टायर लागून ती डनलप झाली आणि तगली. दमणीला तसा आधार मिळाला नाही.

वेगाची आवड मात्र मेली नाही. ती शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, उरली. संक्रांतीनंतर, पिके घरी आली म्हणजे, गावोगाव पट भरत. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर साऱ्या विदर्भात विख्यात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणींतून एकदम सुटतात. वऱ्हाडात एकेक जोडी घड्याळाविरुद्ध पळते आणि सेकंदाचा अंशही हिशेबात धरला जातो. प्रवासाचे सारे सामान गाळून उरलेला छकडा हा दमणीचाच शेवटचा, सर्वांत हलका अवतार होय, असे मी मानतो.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. बंदीमागील बैलांच्या छळाचा आक्षेप खोटा नव्हता. तुतारीच्या, म्हणजे बैल टोचण्याच्या काठीच्या, आरेने रक्त काढून मिळविलेला सेकंद हा जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या कसबाचा पुरावा नसून त्याच्या अभावाचा पुरावा आहे, आणि जुन्या घरांत तो लज्जास्पदच ठरला असता. काठी, चाबूक आणि विजेचा झटका यांना मनाई करणारे नियम म्हणूनच काटेकोरपणे पाळले गेले पाहिजेत.

बोरी अरब, दारव्हा, दिग्रस, नेर या बाजूच्या ज्या घरांच्या गोठ्यांत वा पडव्यांत जुन्या दमणीचा सांगाडा, तिची चाके, जू अथवा घुंगरमाळा अद्याप पडून असतील, त्यांनी ते लाकूड सरपणात जाऊ देऊ नये. त्याची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, कोणत्या वाढयाने ते घडविले आणि कोणत्या जोडीने ते ओढले हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे.