तिऱ्हाईताच्या हाती हार्ड डिस्क

१/ २००६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, दोनेक महिन्यांच्या अंतराने, दोन न्यायालयांपुढे जवळपास सारखाच प्रश्न उभा राहिला. गाणी बेकायदा उतरवून घेतल्याचा आरोप एखाद्या संगीतकंपनीने केला, तर त्या माणसाच्या घरच्या संगणकाची हार्ड डिस्क तपासण्याचा हक्क तिला मिळतो काय? आणि मिळत असेल तर ती डिस्क प्रत्यक्ष हाती कोणी घ्यायची? दुसरा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. आजचा धागा मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

२/ आधी पार्श्वभूमी. नॅपस्टर २००१ मध्ये बंद पडले आणि त्याची जागा काझासारख्या प्रणालींनी घेतली. या प्रणालींत मधला सर्व्हर नव्हता. गाणी एका घरच्या संगणकातून थेट दुसऱ्या घरच्या संगणकात जात. कंपन्यांना खटला भरायला मध्यवर्ती दुकान उरले नाही, तेव्हा त्या गिऱ्हाइकांकडे वळल्या. ८ सप्टेंबर २००३ रोजी आरआयएए या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने व्यक्तींवर एकदम २६१ दावे दाखल झाले. त्या पहिल्या फेरीत न्यूयॉर्कमधील एक बारा वर्षांची मुलगीही सापडली. तिच्या आईने २,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

३/ इतक्या तत्परतेने तडजोडी का होत? कारण कायद्यातील आकडे. अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार वादीला प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावे लागत नाही. प्रत्येक कृतीमागे किमान ७५० डॉलर आणि जाणूनबुजून केलेले उल्लंघन असेल तर दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई ठरवता येते. हजारो गाण्यांचा संग्रह असलेल्या विद्यार्थ्याने हा गुणाकार एकदा केला की काही हजार डॉलरची तडजोड त्याला स्वस्तच वाटे.

४/ पुरावा गोळा करण्याची रीत अशी. मीडियासेन्ट्री नावाची कंपनी सामान्य वापरकर्त्यासारखी काझावर जाई, कोणाच्या सामायिक फोल्डरमध्ये कोणती गाणी आहेत ते पाही, त्या पडद्याची चित्रे जतन करी आणि आयपी पत्ता टिपून घेई. पण आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे. तो फार तर इंटरनेट जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढे सांगतो. घरात चार माणसे आणि एक संगणक असेल तर गाणी कोणी घेतली, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

५/ म्हणजे खासगीपणाचे दोन उंबरठे होते. पहिला नावाचा. सुरुवातीला न्यायाधीशासमोर न जाता, केवळ न्यायालयाच्या कारकुनाच्या सहीने इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचे नाव मागवता येई. व्हेरायझनने याला विरोध केला आणि १९ डिसेंबर २००३ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती वाट बंद केली. त्यानंतर ‘जॉन डो’ या निनावी प्रतिवादीवर दावा लावून न्यायाधीशाकडून नाव मिळवण्याचा लांबचा मार्ग घ्यावा लागला. कॅनडात तर मार्च २००४ मध्ये संघीय न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून नावे देण्यासच नकार दिला.

६/ दुसरा उंबरठा डिस्कचा. वादीच्या दृष्टीने खरे गुपित तिथे होते: काझाचे वापरकर्तानाव, फायलींच्या तारखा, पुसलेल्या फायलींचे अवशेष. मात्र त्याच डिस्कवर प्रेमपत्रे असत, आजाराचे अहवाल असत, बँकेचे कागद असत, वकिलाशी झालेला पत्रव्यवहारही असे. चोवीस गाण्यांच्या शोधासाठी जी वस्तू मागितली जात होती, तिच्यात एका कुटुंबाचे सगळे आयुष्य साठवलेले होते.

७/ इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. अमेरिकी संविधानाची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून संरक्षण देते खरी, पण ते संरक्षण सरकारविरुद्ध आहे. संगीतकंपनी सरकार नव्हे. दिवाणी दाव्यात एक पक्ष दुसऱ्याकडे थेट कागदपत्रे मागतो आणि दुसऱ्याला ती द्यावी लागतात. त्यासाठी वॉरंट लागत नाही. पोलिसांना ज्या दारावर थांबावे लागे, त्या दारातून खासगी वादी नियमांच्या आधारे आत जाऊ शकत होता.

८/ आता टेक्सास. ऑगस्ट २००६, सॅन अँटोनिओ. न्यायालयाने हार्ड डिस्क सादर करण्याचा हुकूम दिला होता. डिस्क आली, पण तपासणीत दिसले की हुकूम झाल्यानंतर तिच्यावर ‘वायपिंग’ प्रणाली चालवली गेली होती. साध्या ‘डिलीट’ने फाईलची फक्त नोंद जाते, मजकूर डिस्कवर पडूनच राहतो. वायपिंग प्रणाली त्या मजकुरावर निरर्थक माहिती लिहून तो कायमचा नाहीसा करते. न्यायाधीशांनी सर्वांत कठोर उपाय योजला: प्रतिवादीचा बचाव ऐकून न घेता कंपन्यांच्या बाजूने निकाल. गाणी घेतली होती की नाही, हा प्रश्न मग चर्चेलाच आला नाही.

९/ ऑक्टोबर २००६, त्याच राज्याच्या उत्तर भागातील शर्मन. वादी सोनी बीएमजी आणि इतर कंपन्या. त्यांची मागणी अशी की डिस्कची तंतोतंत प्रत आमचाच तज्ज्ञ काढील आणि आमचाच तज्ज्ञ तपासील. न्यायालयाने तपासणी नाकारली नाही, पण ही पद्धत नाकारली. दोन्ही पक्षांना मान्य असलेला तटस्थ तज्ज्ञ प्रत काढील. त्यातील काय गोपनीय आहे हे प्रतिवादीचा वकील आधी पाहील. दाव्याशी संबंधित तेवढेच मग कंपन्यांच्या हाती जाईल.

१०/ हा शोध शर्मनमधला नव्हता. १९९९ मध्ये सॅन डिएगोच्या संघीय न्यायालयाने प्लेबॉय कंपनीच्या ट्रेडमार्कच्या दाव्यात अशीच व्यवस्था लावली होती: न्यायालयाने नेमलेला तज्ज्ञ प्रत काढतो आणि ती आधी प्रतिवादीच्या वकिलाकडे जाते. पण बलाढ्य कंपन्या आणि घरगुती प्रतिवादी यांच्या झुंजीत ही व्यवस्था लागू होणे, ही गोष्ट निराळी होती.

११/ एक अवांतर, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. शर्मनच्या हुकमाच्या सुमारे एक वर्ष आधी, ३१ ऑक्टोबर २००५ रोजी, मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने उघड केले होते की सोनी बीएमजीच्या काही संगीत-सीडी विंडोज संगणकात घातल्या की एक प्रणाली गुपचूप आत शिरते आणि स्वतःला लपवून ठेवते. हेतू नकला रोखण्याचा. पैसे मोजून सीडी घेतलेल्या ग्राहकांच्या डिस्कमध्ये ही घुसखोरी झाली होती. त्याबद्दल नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीवर खटला भरणारे पहिले राज्य कोणते? टेक्सासच. डिस्क ‘आमच्या तज्ज्ञाच्या’ हाती द्या म्हणणाऱ्यांचे पूर्वचरित्र हे असे होते.

१२/ आपल्याकडे जमिनीचा वाद पाहिलेल्या प्रत्येकाला ‘कोर्ट कमिशनर’ ठाऊक असतो. बांध कोणाचा हे वादी ठरवत नाही, प्रतिवादीही ठरवत नाही. न्यायालयाने नेमलेला माणूस जागेवर जाऊन पाहणी करतो आणि अहवाल देतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची तरतूद आहे. शर्मनच्या हुकमामागील कल्पना तीच: पाहणी होईल, पण तिऱ्हाईताच्या डोळ्यांनी.

१३/ या कल्पनेचा धागा आणखी मागे, इंग्लंडमध्ये नेऊन पाहता येतो, आणि तिथेही प्रारंभी चोरटे संगीतच भेटते. डिसेंबर १९७४ मध्ये न्यायमूर्ती टेम्पलमन यांनी ईएमआय कंपनीला बेकायदा ध्वनिफितींच्या एका विक्रेत्याच्या जागेत, त्याला पूर्वसूचना न देता, शिरून तपास करण्याची मुभा दिली. पुढच्याच वर्षी अँटन पिलर या जर्मन कंपनीच्या दाव्यात अपील न्यायालयाने अशा हुकमांवर शिक्कामोर्तब केले आणि त्यांना तिचेच नाव पडले. प्रतिवादी पुरावा नष्ट करील अशी खरीखुरी शक्यता हवी, ही त्यातील एक अट. सॅन अँटोनिओत जे घडले, त्याची धास्ती इंग्लंडमध्ये तीस वर्षे आधीपासून होती.

१४/ १९८१ मध्ये चित्रपटांच्या चोरट्या व्हिडिओफितींच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने प्रतिवादींच्या बाजूने कौल दिला: ज्या उत्तरांमुळे फौजदारी आरोप ओढवेल ती देण्याची सक्ती नाही. संसदेने त्याच वर्षी कायदा करून बौद्धिक संपदेच्या दाव्यांपुरता हा हक्क काढूनच घेतला. बदल्यात आश्वासन एवढेच की ती उत्तरे संबंधित फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाहीत. गाणी-चित्रपटांच्या धंद्यासाठी इतका जुना हक्क इतक्या झटपट बाजूला सारला गेला, हे मला आजही थक्क करते.

१५/ हे हुकूम पुढे इतके सर्रास आणि इतक्या दांडगाईने बजावले जाऊ लागले की १९९२ मध्ये इंग्लिश न्यायालयानेच सुचवले: झडतीच्या वेळी वादीशी संबंध नसलेला, अनुभवी वकील देखरेखीसाठी हजर असावा. म्हणजे इंग्लंडही फिरून तिऱ्हाईतापाशीच आले.

१६/ आता कळीचा प्रश्न. डिस्क कूटबद्ध असती तर? हा प्रश्न त्या काळात अगदी ताजा होता. अ‍ॅपलचे फाईलव्हॉल्ट ऑक्टोबर २००३ मध्ये आले, ट्रूक्रिप्ट फेब्रुवारी २००४ मध्ये, आणि बिटलॉकर विंडोज व्हिस्टासोबत. ज्या वर्षांत संगीतकंपन्या घरोघरी नोटिसा धाडत होत्या, त्याच वर्षांत सामान्य माणसाला आपली संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याची सोय मिळाली. पासवर्ड सांगितला नाही तर डिस्कची कितीही अचूक प्रत काढा, हाती लागतो तो निव्वळ अर्थहीन अक्षरांचा ढीग.

१७/ पासवर्डच्या सक्तीवरील गाजलेले निवाडे मात्र फौजदारी तपासांतून आले. डिसेंबर २००६ मध्ये व्हरमाँटच्या सीमेवर एक लॅपटॉप जप्त झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी म्हटले, पासवर्ड माणसाच्या मनात असतो, तो उघड करायला लावणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे. फेब्रुवारी २००९ मध्ये वरच्या न्यायाधीशांनी ते फिरवले, कारण त्या माणसाने सीमेवर काही फायली आधीच दाखवल्या होत्या. मग फेब्रुवारी २०१२ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ट्रूक्रिप्टने बंद केलेल्या डिस्कांबाबत पुन्हा नागरिकाची बाजू घेतली: आत काय आहे हे सरकारला ठाऊकच नसेल, तर उघडण्याची सक्ती नाही.

१८/ हे वाचून गाण्यांच्या दाव्यातील प्रतिवादीला हायसे वाटले असेल तर ते फसवे होते. पाचव्या दुरुस्तीतील मौनाचा हक्क दिवाणी दाव्यातही सांगता येतो, पण फौजदारी कारवाईची खरी भीती असेल तरच. ती भीती अगदीच काल्पनिक नव्हती: १९९७ च्या कायद्याने नफ्याविना केलेली नक्कलही, १८० दिवसांत १,००० डॉलरच्या किमतीपलीकडे गेली तर, गुन्हा ठरवली होती. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच स्पष्ट केले होते की दिवाणी प्रकरणात मौनावरून प्रतिकूल अनुमान काढण्यास पाचवी दुरुस्ती आडवी येत नाही. शिवाय हुकूम मोडल्याबद्दलचे दंड होतेच, आणि त्यांतला सर्वांत मोठा सॅन अँटोनिओने दाखवून दिला होता.

१९/ थोडक्यात, फौजदारी न्यायालयात कुलूप न उघडणारा माणूस गप्प राहून टिकू शकत होता. दिवाणी न्यायालयात त्याला गप्प राहण्याची किंमत भरावी लागे. चोराने लॅपटॉप पळवला किंवा भंगारवाल्याकडे जुनी डिस्क गेली, तर एन्क्रिप्शन अभेद्य. दिवाणी हुकमापुढे किल्ली मात्र मालकाकडूनच मागितली जाते. म्हणून माझे मत असे की या दाव्यांत खासगीपणाचे खरे रक्षण गणिताने केले नाही, संविधानानेही फारसे केले नाही. जिथे ते झाले, तिथे प्रत कोणाकडे राहील आणि आधी कोण पाहील हे ठरवणाऱ्या दोन-चार ओळींच्या हुकमाने केले. कुलूप उघडल्यावरही आतल्या सगळ्या वस्तू वादीपुढे पसरल्या जाणार नाहीत, ही हमी फक्त तिथे होती.

२०/ १ डिसेंबर २००६ पासून अमेरिकेच्या दिवाणी प्रक्रिया नियमांत इलेक्ट्रॉनिक माहितीचा प्रथमच स्वतंत्र उल्लेख आला. नियम करणाऱ्या समितीने सोबतच्या टिपणात बजावले की संगणकांची तपासणी मागता येते याचा अर्थ दुसऱ्या पक्षाच्या यंत्रणेत थेट शिरण्याचा सरसकट हक्क मिळाला असा नाही. शर्मनचा हुकूम तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचा होता.

२१/ सर्वांत गाजलेला खटला मिनेसोटातला. काझावरील चोवीस गाणी. ऑक्टोबर २००७ मध्ये ज्यूरीने २,२२,००० डॉलरचा निवाडा दिला. तो रद्द होऊन जून २००९ मध्ये दुसरी ज्यूरी बसली, तिने १९,२०,००० डॉलर ठरवले. न्यायाधीशांनी ते ५४,००० वर आणले. तिसऱ्या ज्यूरीने २०१० मध्ये पुन्हा १५ लाखांचा आकडा दिला. या खटल्यात प्रतिवादी महिलेने तपासणीसाठी दिलेली डिस्क ही गाण्यांच्या वेळची नव्हतीच. ती मधल्या काळात बदलून घेतली होती. डिस्क बिघडली म्हणून बदलली, असे तिचे म्हणणे. तिच्या विश्वासार्हतेवर वादींनी सर्वाधिक आघात केला तो याच मुद्द्यावरून.

२२/ डिसेंबर २००८ मध्ये आरआयएएने व्यक्तींवरील नवे दावे थांबवत असल्याचे जाहीर केले. तोवर सुमारे ३५,००० लोकांना या मोहिमेची झळ लागली होती. त्यांपैकी अगदी मोजक्यांचे खटले ज्यूरीपर्यंत पोहोचले. मिनेसोटाचा खटला मात्र चालूच राहिला. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पहिला, २,२२,००० डॉलरचा आकडा पुन्हा कायम केला आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. तीन ज्यूरी बसल्या, पण ज्या डिस्कवर ती चोवीस गाणी असल्याचा आरोप होता, ती एकीसमोरही आली नाही.