अव्यक्त आणि चल : बीजगणिताची परिभाषा व चांद्याचा वनप्रदेश

शास्त्राची परिभाषा ही केवळ शब्दांची यादी नसते. त्या शास्त्रातील कल्पना कोणत्या मार्गाने आल्या, याची ती नोंदच असते. बीजगणिताचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला मराठीत प्रथम भेटणारे 'समीकरण', 'पद', 'सहगुणक', 'चल', 'धन' आणि 'ऋण' हे शब्द एका काळातील नाहीत. ते एकाच पानावर शेजारी शेजारी छापले जातात, म्हणून त्यांतील अंतर सहसा लक्षात येत नाही. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील शाळांचा विचार करताना मात्र ते अंतर महत्त्वाचे ठरते.

भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील बीजगणितात अज्ञात राशीला 'अव्यक्त' म्हटले असून तिच्यासाठी 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके असेल तितके', हा शब्द योजिला आहे. एकाहून अधिक अव्यक्ते असल्यास 'कालक', 'नीलक', 'पीतक' अशी रंगांची नावे येतात व त्यांची आद्याक्षरे चिन्हांचे काम करतात. 'एकवर्णसमीकरण' व 'अनेकवर्णसमीकरण' या प्रकरणनामांतील 'वर्ण' शब्दाचा उगम हाच होय. अरबी बीजगणितात अज्ञाताला 'वस्तू' या अर्थाचा शब्द होता, आणि इटालियन गणितज्ञांनी त्याच अर्थाचा आपला शब्द स्वीकारला. नावे भिन्न असली तरी कल्पना एकच : एक निश्चित संख्या आहे, परंतु ती अद्याप प्रकट झालेली नाही.

भास्कराचार्यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एकापाशी ३०० रूपे व ६ घोडे आहेत. दुसऱ्यापाशी त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याला १०० रूपांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती सारखी असेल, तर घोड्याची किंमत किती? दोन्हीकडून ६ घोडे वजा केले व ऋण फेडण्यापुरती १०० रूपे दोन्हीकडे मिळविली, म्हणजे ४ घोड्यांची किंमत ४०० व एकाची १०० ठरते. येथे 'धन' व 'ऋण' हे शब्द व्यवहारातलेच आहेत आणि 'समीकरण' म्हणजे शब्दशः दोन बाजू सम करणे. परिभाषा संस्कृत असूनही तिचा अर्थ कृतीतून उलगडतो.

'चल' या शब्दाचा वंश निराळा आहे. देकार्तच्या १६३७ मधील भूमितीनंतर आणि पुढे कलनशास्त्राच्या उदयाने युरोपात बदलत्या राशीची कल्पना दृढ झाली. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली मुंबईत मराठी गणितग्रंथ तयार झाले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी कलनासारखा विषय मराठीत आणला. विसाव्या शतकात नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून शास्त्रीय शब्द घडविण्याचा मोठा उद्योग केला. १९६० नंतर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने व १९६७ पासून पाठ्यपुस्तक मंडळाने मराठी शब्द स्थिर केले. हिंदीत 'चर', 'गुणांक', 'समुच्चय'. मराठीत 'चल', 'सहगुणक', 'संच'. १९५६ पर्यंत चांदा जिल्हा मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांतात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा भेद किती अलीकडचा आहे ते कळते.

या स्थिरीकरणात 'अव्यक्त' मागे पडले व त्याचे कामही 'चल' करू लागले. वस्तुतः घोड्यांच्या उदाहरणातील राशी मुळीच चळत नाही; ती १०० च आहे.

१९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्ली या भागांतील अनेक मुलांची घरची भाषा माडिया अथवा गोंडी आहे. सिरोंच्याकडे तेलुगू आहे. तेलुगूभाषक घरात 'बीजगणितम्', 'समीकरणम्' हे शब्द निदान कानाला जवळचे असतात. गोंडीत 'उंडी', 'रंड', 'मुंड' असे स्वतःचे संख्याशब्द आहेत, आणि गोंड कुळांची चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांत विभागणी असून एकाच गटात विवाह होत नाही. वस्तूंचे गुणधर्म बाजूस ठेवून केवळ संबंधांवर नियम बांधणे या समाजाला नवे नाही. अडचण बुद्धीची नसून शब्दाची आहे : माडियातून मराठीत व मराठीतून संस्कृतप्रचुर परिभाषेत असे दुहेरी अंतर मुलाला एकाच वेळी ओलांडावे लागते.

तेथील उन्हाळ्यातला व्यवहार येथे उपयोगी पडतो. तेंदूपानांच्या पुड्यांवर मजुरी ठरते. दर ठरलेला असता पुडे कितीही असू शकतात आणि त्यांच्यासवे मजुरी बदलते. येथे पुड्यांची संख्या खरोखर 'चल' आहे व दर तिचा सहगुणक आहे. परंतु हाती आलेल्या मजुरीवरून किती पुडे मोजले गेले असे विचारले, तर तीच संख्या 'अव्यक्त' होते. ती ठरलेली आहे, शोधायची तेवढी आहे. आपल्या पुड्यांचा हिशेब बरोबर झाला की नाही, हे पाहणे म्हणजे समीकरण सोडविणेच होय.

म्हणून प्रश्न संस्कृत शब्द ठेवावेत की टाकावेत, असा नाही. आठ शतकांपूर्वीच्या परिभाषेने जो भेद स्पष्ट ठेवला होता, तो आजच्या आरंभिक अध्यापनात पुसट झाला आहे. प्रथम 'अव्यक्त', मग 'चल', हा इतिहासाचा क्रम आहे. नवशिक्याच्या आकलनाचा क्रमही बहुधा तोच असावा.