टाचेची कंडरा आणि सुईचा इतिहास

पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी बांधणाऱ्या जाड दोरीसारख्या ऊतीला ‘अकिलीस कंडरा’ म्हणतात. ग्रीक वीराचे हे नाव तिला १६९३ साली फ्लेमिश शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप व्हरहेयन यांच्या ग्रंथातून लाभले. ही कंडरा महिनोन्‌महिने दुखत राहिली, तर तेथे काय टोचावे? गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे उत्तर वारंवार बदलत गेले, कारण दुखण्याविषयीची समजूतच बदलत गेली.

पहिले उत्तर स्टेरॉइडचे. कॉर्टिसोनच्या संशोधनाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पाठोपाठ सांध्यांत व कंडरांभोवती स्टेरॉइड टोचण्याची प्रथा रूढ झाली. दुखते म्हणजे दाह आहे आणि स्टेरॉइड दाह शमवते, असा सरळ तर्क होता. वेदना उतरतही असे. परंतु इंजेक्शनानंतर कंडरा तुटल्याच्या नोंदीही येऊ लागल्या. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा जुनाट दुखण्यात दाहाच्या पेशी फारशा आढळल्या नाहीत. दिसले ते विस्कटलेले कोलॅजेन तंतू आणि नव्याने फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या.

मग या रक्तवाहिन्याच लक्ष्य ठरल्या. २००२ च्या सुमारास स्वीडनमधील उमिओ येथील हाकान आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी त्या बुजवण्यासाठी पॉलिडोकॅनॉल टोचून पाहिले. त्यानंतर आले पीआरपी: रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेटनी समृद्ध द्रव. त्यातील वृद्धिघटक कंडरा सांधतील, ही आशा होती.

आशेची परीक्षा मिठाच्या पाण्याने घेतली. २०१० साली नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांपैकी काहींना पीआरपी, तर काहींना केवळ सलाईन टोचले. २४ आठवड्यांनी दोन्ही गट सुधारले होते. त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. २०२१ मध्ये ब्रिटनमधील २४० रुग्णांच्या चाचणीत नुसत्या लटक्या इंजेक्शनापेक्षाही पीआरपी सरस ठरले नाही. उलट २०२२ च्या एका डॅनिश चाचणीत व्यायामाच्या जोडीने दिलेल्या स्टेरॉइडचा सहा महिन्यांनी लाभ दिसला. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

या चाचणीतही दोन्ही गट व्यायाम करीतच होते. त्याच आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली पंधरा हौशी खेळाडूंकडून बारा आठवडे पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम करवून घेतला आणि ते सर्व पुन्हा धावू लागले. तुलनेसाठीचा गट छोटा होता, निवडही यादृच्छिक नव्हती. तरीही भार देणारा व्यायाम आज उपचाराचा पाया मानला जातो.

इंजेक्शनानंतर बरे वाटले, एवढ्यावरून ते इंजेक्शनामुळे बरे वाटले असे ठरत नाही. हे समजण्यासाठी कोणाला तरी नुसते मिठाचे पाणी टोचून पाहावे लागले. महागडी सुई पुढे आली, की ‘कशाच्या तुलनेत?’ एवढे अवश्य विचारावे.