मनगटातले वय

२००९ च्या ऑक्टोबरात नायजेरियात सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भरली. नायजेरिया यजमानही होता आणि गतविजेताही. स्पर्धेच्या तोंडावर त्यांनी आपल्याच संघातली पंधरा मुले काढून टाकली. कुणाला दुखापत झालेली नव्हती, कुणी शिस्त मोडलेली नव्हती. त्यांच्या मनगटांची एमआरआय चित्रे काढली गेली आणि त्यांत ही मुले सतरापेक्षा मोठी दिसली. उरलेल्या मुलांत नवी भर घालून उभा केलेला संघ तरीही अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि स्वित्झर्लंडकडून एका गोलने हरला. फुटबॉलच्या इतिहासात मला सर्वाधिक विचार करायला लावणारी हकिकत हीच. मी जुन्या नोंदवह्या वाचणारा माणूस, मैदानावरचा नव्हे. पण कागदाने सांगितलेले वय खोटे आणि हाडाने सांगितलेले खरे, असा निवाडा तिथे झाला, आणि तो प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

पाचाडात राहून मी महाड-पोलादपूर भागातली जुनी दप्तरे जमेल तशी चाळत आलो आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतले शाळेचे कुठलेही जनरल रजिस्टर उघडा, जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, पुन्हा १ जून. नवख्याला वाटेल की या डोंगरात मुले एकाच दिवशी जन्मतात. कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, दाखल होणाऱ्या मुलाला सहा वर्षे पूर्ण हवीत, आणि आईला तारीख ठाऊक नसायची. तिला ठाऊक असायचे ते वेगळेच : कोयनेच्या भूकंपाच्या आधीचे नवरात्र, सावित्रीला मोठा पूर आला ते साल, थोरलीच्या लग्नानंतरचा शिमगा. ही काळगणना चुकीची नव्हती, फक्त रकान्यात मावणारी नव्हती. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचे. त्यातून मागे मोजून १ जून लिहायचे. त्या पिढीतले जे सरकारी नोकरीत गेले, ते नियमाप्रमाणे ३१ मे रोजी निवृत्त झाले. दर वर्षी त्या एका दिवशी कचेऱ्या निम्म्या ओस पडत असत, हा विनोद अनेकांनी ऐकला असेल.

कान धरायला लावणारे गुरुजी आणि मनगट यंत्रात घालणारे डॉक्टर यांच्यात मला अंतर दिसते ते साधनांचे, विचाराचे नाही. कागद नसेल किंवा त्यावर विश्वास नसेल, तर वय अंगालाच विचारायचे. ही रीत जुनी आहे. इंग्लंडात गिरण्यांमध्ये लहान मुले राबवण्यावर कायद्याने बंधन आले, तेव्हा एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने १८३७ मध्ये दातांवरून वय ओळखण्याची पद्धत पुस्तिका काढून पार्लमेंटपुढे मांडली. आपल्याकडे १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ झाली, आणि वयाचा दाखला द्यायला सरकारी डॉक्टर नेमले गेले. मुंबईच्या गिरण्यांत कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली माणसे भरलेली. तेव्हा पोराला पोटासाठी मोठे करून सांगावे लागे. शाळेत नाव घालताना पुढच्या नोकरीचा विचार करून थोडे लहान सांगितले जाई. मैदानावर तर लहान सांगण्यातच सगळा लाभ. गरज बदलली तशी खोट्याची दिशा बदलली, इतकेच.

फुटबॉलमध्ये या खोट्याची किंमत एका देशाने जबर मोजली. १९८८ मध्ये मेक्सिकोने वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत चार मोठ्या वयाचे खेळाडू खेळवले. गंमत अशी की त्यांची खरी जन्मवर्षे मेक्सिकोच्या महासंघाने स्वतःच छापलेल्या वार्षिक पुस्तिकेत होती. एका पत्रकाराने ती वाचली आणि प्रकरण फुटले. मेक्सिकोवर दोन वर्षे आंतरराष्ट्रीय बंदी आली, आणि १९९० च्या मोठ्या विश्वचषकालाही तो देश मुकला. छापील पुस्तिका लक्ष देऊन वाचण्याचे महत्त्व सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

किशोरांची ही जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये चीनमध्ये सुरू झाली, तेव्हा ती सोळा वर्षांखालील होती. १९९१ पासून मर्यादा सतरा झाली. पहिली दोन दशके पासपोर्ट हाच पुरावा होता. पुढे फिफाच्या डॉक्टरांनी मनगटातले अंगठ्याच्या बाजूचे हाड निवडले. वाढीच्या वयात या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते. वाढ संपत आली की ती भरून येते आणि दोन भाग एकजीव होतात. क्ष-किरणांनीही हे दिसते, पण धडधाकट मुलाला आजार नसताना किरणांचा मारा का द्यावा, म्हणून एमआरआय. हाड जुळण्याच्या सहा पायऱ्या ठरवल्या, आणि सहावी, म्हणजे पूर्ण जुळलेली पायरी दिसली तर मुलगा सतराच्या पुढचा, असा नियम केला. आधीच्या तीन स्पर्धांत, २००३, २००५ आणि २००७ मध्ये, केलेल्या तपासण्यांतून ३५ टक्क्यांपर्यंत खेळाडू मोठ्या वयाचे असावेत असे दिसले होते. २००९ पासून तपासणी सक्तीची झाली.

ही कसोटी चांगली आहे. न्यायी आहे का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. ती मुलाचे वय सांगतच नाही. फक्त ‘हा मोठा आहे’ एवढे सांगते. एकोणीस वर्षांच्या मुलाचे हाड उशिरा जुळणारे असेल तर तो निर्धास्त सुटतो. उलट खरोखर सोळा-सतराच्या मुलांत शंभरातल्या एखाद्याचे हाड आधीच जुळलेले असते. त्या एकाच्या बापाने तारीख खरी सांगितलेली असते, दाखला खरा असतो, तरी तो घरी जातो.

२०१७ मध्ये ही स्पर्धा भारतात आली. ६ ते २८ ऑक्टोबर, चोवीस संघ, सहा शहरे, त्यांत गोव्याचे फातोर्डा आणि नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम. आधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम केला. एरवी कबड्डी नि क्रिकेट खेळणाऱ्या गावांच्या शाळांतही त्या दिवशी चेंडू उडाले. १ जानेवारी २००० रोजी वा त्यानंतर जन्मलेलाच खेळू शकत होता. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, जन्म १३ जुलै २०००, रिक्षाचालकाचा मुलगा. न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडेही होता. भारत तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला. मणिपूरच्या या मुलाचा जन्म जून २००१ चा. म्हणजे मर्यादेपेक्षा तो जवळपास दीड वर्षाने लहान होता. या वयात दीड वर्ष म्हणजे खांद्याएवढी उंची. म्हणूनच तारखा पुढे-मागे करण्याचा मोह होतो, आणि म्हणूनच खरी तारीख सांगणाऱ्यावर अन्याय होतो.

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात १९७० पासून लागू. त्यापूर्वी गावोगाव कोतवाल बुक असे. अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी तहसील कचेरीत त्याच्या जीर्ण पानांना अचानक भाव आला आहे. लोक त्यात जात शोधतात; मी तारखा पाहतो. तिथली तारीख शाळेतल्या १ जूनपेक्षा पुष्कळदा अधिक भरवशाची, कारण जन्म झाल्यावर थोड्याच दिवसांत ती लिहिलेली असते आणि लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळवायचे नसते. आता २०२३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून जन्मणाऱ्यांसाठी शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखलाच पुरावा ठरला आहे. रजिस्टरातला १ जून कायद्याने संपला.

मुलींच्या बाबतीत मात्र मनगट उपयोगी पडत नाही. त्यांची हाडे मुलांपेक्षा लवकर जुळतात. सतराची रेषा त्यावरून काढताच येत नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईत सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. त्या मैदानावरच्या प्रत्येक मुलीच्या वयाचा आधार होता तो तिच्या गावच्या कचेरीत वेळेवर लिहिली गेलेली एक ओळ. आमच्याकडच्या जुन्या कोतवाल बुकात अशा ओळी आहेत. बापाचे नाव, गाव, जात, तारीख, आणि मुलाच्या नावाच्या जागी बहुधा एकच शब्द : मुलगी.